बाबांचा पाय

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बायको गेली तेव्हा वाटलं, हिला तरी सांगायला हवं होतं — पण तेव्हा वाटून काय उपयोग? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. बघा, सुरुवातच अशी भित्री.

आमचं गाव नागभीडकडचं. धानाची बांधी संपली की जंगल सुरू. इंग्रजांच्या काळात त्या जंगलातलं गवत कापायला बंदी आली, म्हणून गावातल्या माणसांनी विळे घेऊन ते उघड उघड कापायचं ठरवलं. कोणी हात उचलायचा नाही आणि कोणी पळायचं नाही, एवढंच ठरलं होतं. माझे बाबा त्यात होते. नाकेदारानं, म्हणजे जंगलखात्याच्या गार्डनं, गोऱ्या साहेबाच्या हुकमावरून काठ्या चालवल्या, बाबांचा पाय मोडला, आणि बाबा जन्मभर लंगडत चालले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली. पुढे मास्तर झालो आणि दर पंधरा ऑगस्टला पोरांना ऐकवली. शाळेच्या स्टेजला बाबांचं नाव आहे. पुढाकार माझाच — दुसरं कोण घेणार?

नाकेदार आमच्याच गावचा. स्वातंत्र्य यायच्या आधीच तापानं गेला. मागे त्याचा मुलगा राहिला, नामदेव. त्याच्या घराला गाव ‘काठीवाले’ म्हणतं. नामदेव झेंडावंदनाला कधी शाळेच्या आत आला नाही. रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी उभा राहून सलाम करायचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. माझं भाषण झालं की पोरं तिला काठी दाखवून चिडवायची. मी रागवायचो का? नाही हो. मला ती माझ्या भाषणाची दाद वाटायची.

बाबा वारले त्या वर्षी सीतारामभाऊ घरी आले. त्या सत्याग्रहातले तेवढेच एक उरले होते. दार लोटून घ्यायला सांगितलं आणि खरं काय झालं ते सांगितलं. साहेब घोड्यावरून बघत होता, म्हणून नाकेदाराला काठी उचलावीच लागली. पण ती त्यानं हाणली माणसांच्या डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यांवर. कचरा उडाला, आवाज मोठा झाला, अंगाला मात्र कोणाच्या लागली नाही.

‘तुहा बाप नुसत्या आवाजानं पयाला, बापू,’ भाऊ म्हणाले. ‘नाल्यात पडला, पाय मोडला.’

तेव्हा हे बाहेर आलं असतं तर नाकेदाराची नोकरी गेली असती, म्हणून सगळे गप्प राहिले. पुढे तो गेला, तर बाबांची लाज राखायची म्हणून गप्प. ‘आता तूच सांग. तू मास्तर हायेस, लोक तुहं आयकतीन.’ मी हो म्हणालो. थोड्याच दिवसांत भाऊही गेले.

बाबांचा राग नाही आला. काठीची भीती कोणाला वाटत नाही? राग आला तो भाऊंचा — का सांगितलंत मला? पुढच्या पंधरा ऑगस्टला मी तेच भाषण केलं. उलट जास्तच रंगवलं. चोराच्या मनात चांदणं! साहेबाच्या डोळ्यांदेखत त्याचा हुकूम मातीत घालणारा नाकेदार त्या दिवशीचा खरा सत्याग्रही होता, हे मला भाषण करतानाही कळत होतं. अजाणतेपणी केलं, असं म्हणायचीही सोय नाही.

आणि एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

नामदेव म्हातारपणी आजारी पडला. मुलगी त्याला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेत होती. जीपची वाट बघत तो स्टँडवर बसला होता, मी बाजूनं चाललो होतो. त्यानं हाक मारली. मुलगी पाणी आणायला गेलेली, आम्ही दोघंच.

‘गुरुजी, सीतारामभाऊ शेवटी तुमच्यापाशी आले होते. माह्या बापानं खरंच मारलं होतं का जी?’

ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ‘नाही’ एवढं म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? स्टेज कोणी पाडणार नव्हतं. नामदेव गावात सांगत फिरेल, एवढीही ताकद त्याच्यात राहिली नव्हती.

मी म्हणालो, ‘मारलं.’

 मग दोन्ही हात जोडून, आपल्या बापाच्या वतीनं, त्यानं माझ्या बाबांच्या पायाची माफी मागितली. जीप आली. मी त्याला हात देऊन चढवलं. ब्रह्मपुरीहून तो परत आला नाही.

चढवताना मी त्याला म्हणालो होतो — माफ केलं.