वेखंडे मास्तरांची एक ओळ

वर्गात शिरले की वेखंडे मास्तर आधी खिशातून मातीच्या गोळ्या काढत. काळी गोळी कार्बनची, तिला चार भोकं. लाल ऑक्सिजनची, दोन. पांढरी हायड्रोजनची, एकच. जोडायला बांबूच्या काड्या. एखादं भोक रिकामं राहिलं की गोळी पोरांच्या नाकासमोर नाचवत, "हा हात मोकळा हाय. मोकळ्या हाताचा कोणी गप बसतो का रे?"

शहापूरच्या शाळेत ते शास्त्र शिकवत. कुणब्याच्या घरातले, मुंबईला राहून बी.एस्सी. झालेले. भरात आले की पुस्तकी मराठी गळून पडे. अणूच्या बाहेरच्या फेरीत आठ इलेक्ट्रॉन भरले की तो शांत होतो, कार्बनकडे मात्र स्वतःचे चारच, हे अभ्यासक्रमात नव्हतं. तरी ते सांगत. "मग तो करतो काय? सावड. तुझा एक बैल, माझा एक बैल, नांगर दोघांचा. एक इलेक्ट्रॉन तुझा, एक माझा. ह्यालाच बंध म्हणायचं. चोरी नाय, भीक नाय."

मी त्यांचा विद्यार्थी. मॅट्रिक झालो आणि दारूबंदीच्या चळवळीत शिरलो. पत्रकं लिहायचो, वाड्यावाड्यांतून मोठ्यानं वाचून दाखवायचो, मोहाच्या दारूच्या भट्ट्या फोडायचो. एका पत्रकात दहा उद्गारचिन्हं नसली तर मला ते मिळमिळीत वाटे.

मुरबाडच्या बाजारात सभा होती. मी गरजलो, "दारू म्हणजे विष, मग ती कोणतीही असो!" मागून मास्तर उठले. हातात दोन जोडण्या, एकीत काळ्या गोळ्या दोन, दुसरीत एक.

"कोणतीही कशी? मोहाच्या दारूत काळ्या दोन. लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात जी मुद्दाम मिसळतात, त्या दारूत काळी एकच. तेवढ्या फरकानं माणूस आंधळा होतो. पोटात तिचं मुंगीच्या डंखातलं आम्ल बनतं. पत्रकात एक ओळ घाल, बाबा. पॉलिशचं स्पिरिट तोंडाला लावू नका, डोळे जातील."

"म्हणजे मोहाची प्या, असं छापू का, मास्तर?" मी विचारलं. लोक हसले. मला बरं वाटलं.

ते हसले नाहीत. "तुमी भट्ट्या फोडताय, तहान फुटत नाय. लोक दुसरं काहीतरी शोधतील. डोंगरात दारू पारखतात कशी? निखाऱ्यावर टाकून. भडकली की चांगली. हे पण भडकतं रे. आगीला कार्बन मोजता येत नाय."

पुढच्या पत्रकात मी ती ओळ घातली नाही. मास्तरांना घातलं. 'दारूवाल्यांचा वकील' असा मथळा दिला, नावगाव छापलं. महिन्याभरात शाळेच्या चालकांनी त्यांना घरी बसवलं. ते गावी जाऊन भात लावू लागले. मी त्याला विजय म्हटलं.

त्याच वर्षी टोकावड्याच्या वरच्या वाडीत गोमाच्या मुलाचं लग्न निघालं. लग्नात देवाला दारूची धार घालायची, मग वडीलधाऱ्यांनी घोट घ्यायचा, ही तिथली रीत. भट्टी आम्ही फोडलेली. कोणीतरी सुताराकडून पॉलिशच्या स्पिरिटची बाटली आणली. एक म्हातारा गेला. गोमाचे डोळे गेले.

मी गेलो तेव्हा गोमा अंगणात माझ्या आवाजाकडे तोंड करून बसला होता. "निखाऱ्यावर टाकून बघितली व्हती रे दादा. चांगली भडकली." मग म्हणाला, "तुमचा कागद आमी दोनदा वाचून घेतला व्हता. त्यात ह्याचं काय नाय व्हतं."

मी नवं पत्रक काढलं. मास्तरांची ओळ वर, ठळक. पण आधीचा मथळा खोटा होता, हे लिहिलं नाही. सोबती म्हणाले, आता माघार घेतली तर चळवळीचं हसं होईल. मी मान डोलावली. मान डोलावणारा मीच होतो, सोबत्यांना पुढे करत नाही.

पत्रक घेऊन मास्तरांकडे गेलो. चिखलाचे हात धोतराला पुसून त्यांनी ते वाचलं. "ओळ बरोबर हाय. किती वाड्यांत गेला कागद?"

"अकरा."

"वरच्या वाड्या राहिल्या मग. उन्हं उतरायच्या आत नीघ."

माफी मागायला तेव्हा समोर माणूस होता. मी वरच्या वाड्यांना निघून गेलो. दोन महिन्यांनी मास्तर तापानं गेले.

मग मी ते लिहिलं. वेखंडे मास्तर खरं बोलत होते, मी खोटं छापलं. एकही उद्गारचिन्ह नाही. पहिला कागद त्यांच्या बायकोच्या हातात दिला. वहिनींनी तो उलटसुलट केला.

"मला वाचता येत नाय. आणि वाचणारा गेला. तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा, त्या दिवशी बाजारात बोललात तसं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू द्या."

ओट्यावर उभा राहून मी वाचायला लागलो. सभेत कधी न बसलेला माझा आवाज पहिल्याच ओळीला बसला. वहिनी म्हणाल्या, "ऐकू येत नाय. परत वाचा."