समुद्राची वर्गणी

परदेशात जाऊन निवृत्तीचं आयुष्य कसं काढावं हे शिकवणारं एक इंग्रजी मासिक गेली काही वर्षं हैदराबादेतल्या आमच्या जामबागच्या घरी पोस्टानं येतं. त्याची वर्गणी भरणं परवडतं का, असं ओळखीचे लोक मला विचारतात. विचारतात म्हणजे, पैसे पाण्यात घालतो आहेस हे सभ्य भाषेत सांगतात. माझा एक जुना मित्र मात्र सभ्य भाषेच्या भानगडीत पडत नाही. तो माझ्याबरोबर कोर्टात नोकरीला होता, आता दिलसुखनगरला मुलाकडे राहतो. आठवड्यातून एकदा तो मेट्रोनं येतो आणि आम्ही आबिड्सला एका इराणी हॉटेलात चहा घेत बसतो. एकदा त्यानं माझ्या पिशवीतला अंक काढून चाळला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मियाँ, जाना तुमकू नै. फिर ये काय कू मंगाते?" मी चहाचे पैसे तेवढे दिले.

उत्तर लांबलचक आहे आणि ते माझ्या लग्नापासून सुरू होतं. माझी बायको कोकणातली. तिच्या माहेरी मागचं दार उघडलं की समुद्र. ती हैदराबादला आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत तिला हुसेनसागर दाखवायला नेलं. बराच वेळ काठावर उभी राहून ती म्हणाली, छान आहे तळं. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्याचं कौतुक केलं त्याला तिनं एका शब्दात त्याची जागा दाखवली. मग नव्या नवरेपणाच्या भरात मी वचन देऊन बसलो, की रिटायर झालो की आपण समुद्राकाठी जाऊन राहू. रिटायर व्हायला तेव्हा इतका अवकाश होता की मागितला असता तर मी तिला चंद्रसुद्धा देऊन टाकला असता.

वर्षं गेली. तिच्या बोलण्यात दखनी 'हौ' आणि 'नक्को' आले. चिंचेच्या खट्ट्याला तर तिच्या हातची चव माझ्या आईच्या हातापेक्षा सरस झाली, हे आई गेल्यावर सांगायला हरकत नाही. फक्त इथल्या गोड्या पाण्यातल्या माशाला तिनं आजतागायत मासा म्हटलेलं नाही. "ते आणलंत का?" एवढंच विचारते. पुढे तिच्या भावांनी माहेरचं घर विकलं. तिथे आता लॉज उभं आहे आणि तो विषय आमच्याकडे निघत नाही. यथावकाश मी रिटायर झालो. वचन पुरं झालं नाही.

आमची मुलगी कॅनडात असते. माझ्या निवृत्तीला तिनं घड्याळ नाही, शाल नाही, या मासिकाची वर्षभराची वर्गणी भेट दिली आणि फोनवर म्हणाली, बाबा, आता आईचा समुद्र शोधा.

मासिक देखणं असतं, यात वाद नाही. मुखपृष्ठावर दर महिन्याला तोच सूर्यास्त, तोच पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा आणि तीच त्याची म्हातारी. देश तेवढा बदलतो. पोर्तुगाल, पनामा, मलेशिया, पुन्हा पोर्तुगाल. प्रत्येक गाव स्वस्त आणि प्रत्येक शेजारी हसरा. जिथे जाऊन कुणी पस्तावलं असं एकही गाव मी त्यात वाचलेलं नाही. शिवाय स्वस्त म्हणजे डॉलरमध्ये पेन्शन घेणाऱ्याला स्वस्त. आमच्या पेन्शनचा त्या गावात कसा निकाल लागेल हे सांगायची संपादकाला गरज वाटत नाही. अंक छापून जामबागला पोचेपर्यंत व्हिसाचे नियम बदललेले असतात, आणि उरलेली सगळी माहिती मोबाइलवर फुकट मिळते. तेव्हा माहितीसाठी म्हणून कुणी वर्गणी भरणार असेल तर मी त्याला हात धरून मागे ओढीन.

पहिला अंक आला तेव्हा बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. वाचायला बंदी होती. म्हणून रविवारी सकाळी खिचडी, खिमा आणि खट्टा चापून झाल्यावर गॅलरीत बसून मी तिला तो अंक मराठीत वाचून दाखवायला घेतला. हे माझं हातखंडा काम. मी हयातभर कोर्टात भाषांतरकार होतो. उर्दूतले जुने दस्त, तेलुगूतल्या जबान्या इंग्रजीत आणायच्या, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही, आणि खाली सही करायची की भाषांतर मुळाबरहुकूम आहे. माझ्या कामावर कधी कुणा वकिलानं बोट ठेवलं नाही, आणि वकील कशावर बोट ठेवत नाहीत?

त्या रविवारी मात्र पोर्तुगालमधल्या एका गावाचं वर्णन वाचता वाचता एक वाक्य आलं, की बंदरावर रोज सकाळी ताज्या मासळीचा बाजार भरतो. मी वर पाहिलं. काळा चष्मा लावून, हनुवटी जरा उचलून ती ऐकत होती. मी ते वाक्य गिळलं. वर त्याच्या जागी सांगितलं, की दमट वाऱ्यामुळे तिथल्या लोकांना सांधेदुखीचा फार त्रास होतो.

मला हैदराबाद सोडायचं नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती. घरातून निघून आबिड्सला पोचेपर्यंत मी चार भाषांत भांडतो. फुलवालीशी तेलुगूत, रिक्षावाल्याशी दखनीत, शेजाऱ्याशी मराठीत आणि बँकेत इंग्रजीत. त्या पांढऱ्या कपड्यांच्या गावात माझ्या तीन भाषा ट्रंकेत पडून राहिल्या असत्या आणि चौथीत मी रोज, आज हवा छान आहे, एवढंच म्हणत बसलो असतो. त्या कल्पनेनं मला खरोखर रडू यायचं. पण वचन माझं होतं. मला जायचं नाही, असं तिला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यापेक्षा तिलाच जावंसं वाटू नये अशी व्यवस्था करणं मला सोपं वाटलं.

मग माझी भीड चेपली. पनामातला दवाखाना मी बंद पाडला. ग्रीसच्या एका बेटावरून तुरीची डाळ आणि कोथिंबीर हद्दपार केली. मलेशियाच्या किनाऱ्यावर माकडं सोडली. एका गावाला मी असा डॉक्टर दिला, की जो आठवड्यातून एकदा येतो, तोही पाऊस नसेल तर. ती सगळं मन लावून ऐकायची आणि मधूनच विचारायची, माकडं घरात येतात का? मी म्हणायचो, थेट स्वयंपाकघरात. मग ती चुकचुकायची आणि पुन्हा हनुवटी उचलून ऐकू लागायची. तिचे डोळे बरे झाले, काळा चष्मा कपाटात गेला, पण रविवारचं वाचन चालूच राहिलं. भेटीचं वर्ष संपल्यावर पदरचे पैसे घालून मीच वर्गणी वाढवली. बंद केली असती तर वचनही बंद केल्यासारखं दिसलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ताज्या अंकातल्या पोर्तुगीज गावाला मासिकातर्फेच सहल निघणार होती. तुम्ही दोघं जा, काही आठवडे राहून बघा, आवडलं तर पुढचं ठरवू, मी उद्याच तिकिटं काढते, असं ती म्हणू लागली. मी मुळीच घाबरलो नाही. त्या गावाची मी चारच दिवसांपूर्वी पुरती वाट लावली होती. चढाच्या गल्ल्या, ओल धरलेल्या भिंती, दवाखाना दोन डोंगर ओलांडून. मी शांतपणे म्हटलं, तुझ्या आईला विचार. आणि चहाचा कप उचलला.

बायकोनं फोन हातात घेतला. "गाव चांगलंच आहे गं," ती म्हणाली. "दवाखाना अगदी पायी जाण्यासारखा. सकाळी होड्या लागल्या की धक्क्यावरच मासळी घ्यायची. मागच्या पानावर फोटोसुद्धा आहे."

यातलं एक अक्षरही मी वाचून दाखवलेलं नव्हतं. माझा कप बशीवर जोरात वाजला. बघतो आणि कळवतो, असं सांगून तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सगळा उलगडा झाला. पोस्ट येतं दुपारी, तेव्हा मी घोरत असतो. ती अंक हलकेच पाकिटातून काढून अथपासून इतिपर्यंत वाचते आणि होता तसा परत ठेवते. डोळे बरे झाल्यापासून हे चालू होतं. डॉक्टरनं परवानगी दिल्याबरोबर तिनं आधी जुने अंक काढून वाचले होते.

"सगळं चाळलं," ती म्हणाली, "माकडं काही सापडली नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मी सरळ सांगून टाकलं, की मला हे शहर सोडवत नाही, पण तुला शब्द दिलाय आणि तो मोडायची हिंमत नाही. तिचं हसू थांबलं.

"राहायला न्या असं मी कधी म्हटलं होतं? ते तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. "माहेरचं घर गेल्यापासून मला नुसते पाय भिजवायचे होते. दोन दिवस नेलं असतंत तरी झालं असतं."

मी आयुष्यभर लोकांचं बोलणं नेमकं समजून घेण्याचा पगार घेतला, आणि घरातली ही एवढीशी गोष्ट मला समजली नव्हती. फार वाईट वाटलं. भल्यामोठ्या वचनाला मी इतका घाबरलो होतो की त्याच्या आतलं लहानसं मागणं कधी पाहिलंच नाही. मुलीला त्याच संध्याकाळी फोन करून तिकिटं काढू नकोस म्हणून कळवलं. वर्गणीही संपत आली होती. मी म्हटलं, आता ती पण बंद करू या. बायको म्हणाली, नक्को, मग रविवारी तुम्ही वाचणार काय? दिलसुखनगरच्या मित्राला मी सगळी हकिगत सांगितली तेव्हा तो चहा सांडेस्तोवर हसला आणि पुढचा अंक त्यालाही वाचून दाखवायची अट घालून मोकळा झाला.

त्यानंतर आठवडाभरातच आम्ही सकाळच्या गाडीनं आंध्रातल्या बापटल्याला गेलो. तिथून समुद्र जवळच आहे. इतका जवळ, की इतकी वर्षं आपण काय करत होतो असं वाटून मला स्वतःचाच राग आला. किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या. तिनं एका बाईशी तेलुगूत घासाघीस करून बांगडे घेतले आणि पिशवी माझ्या हातात देताना म्हणाली, हे मासे. मग चपला काढून, साडी थोडी उचलून ती पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट आली तशी तिनं मान खाली घालून आपल्या पावलांकडे पाहिलं, आणि किती तरी वेळ ती तशीच पाहत राहिली.

मी वाळूत बसलो आणि पिशवीतला नवा अंक काढला. ठरवूनच आलो होतो, की आता सगळं मुळाबरहुकूम. मोठ्यानं वाचायला लागलो, की या गावातला दवाखाना उत्तम असून डॉक्टर कायम हजर असतात.

"नक्को ते," मागे वळूनही न बघता ती म्हणाली. "तुमचं वाचा."

मी घसा साफ केला. "डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो," मी वाचलं. "तोही पाऊस नसेल तर."

"आणि माकडं?"

"आहेत की," मी पान उलटत म्हटलं. "समोरच्याच घरात राहतात."