रुंद पात्याचा बाण

रियाधला येऊन मला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा घराजवळच्या क्रीडासंकुलात बायकांसाठी धनुर्विद्येचा वर्ग सुरू झाला. साताऱ्याला कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघात होते. पुढे लग्न, नवऱ्याची बँकेतली नोकरी, मुलीची शाळा, आणि धनुष्य माहेरच्या माळ्यावर. इथं पुन्हा दोरी ओढली तेव्हा खांदा आठवडाभर दुखला, पण बोटं काही विसरली नव्हती. हळूहळू मी तिथं शिकवायलाच लागले.

शिकायला येणाऱ्यांत एक दातांची डॉक्टर होती. तिशीतली, मूळची उत्तरेकडच्या हाइल शहरातली, बोलायला मोकळी. ती मला ‘उख्ती’ म्हणायची, म्हणजे ताई. मी तिला डॉक्टरच म्हणायचे. आम्ही इंग्रजीत बोलायचो, मधे माझं मोडकं अरबी आणि तिचं दवाखान्यातल्या नर्सेसकडून शिकलेलं हिंदी.

एकदा सराव संपल्यावर ती धनुष्य पिशवीत भरता भरता म्हणाली, “उख्ती, मी वडिलांबरोबर दक्षिण आफ्रिकेला चाललेय. शिकारीला. ते बंदूक घेतील, मी धनुष्य. बाण तू निवडून दे.”

“मी आयुष्यात पुठ्ठ्याशिवाय कशावर बाण सोडलेला नाही,” मी म्हटलं.

“पण बाण कळतो तुला. मला तेवढंच हवंय.”

मी विचार करून सांगते म्हणून घरी आले. जेवताना विषय काढला तर नवरा हसला, “शिकार? तू?” मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, “Aai, you make mutton every Friday.” मटण मी करते, चवीनं खातेही. पण कुणाच्या हातून एखादा जीव मरायचा आणि त्यात माझा सल्ला असायचा, हे वेगळं वाटत होतं.

मग मला आमच्या गावाकडची एक गोष्ट आठवली. मी लहान असताना कुणीतरी रानडुकरावर गावठी बंदुकीनं बार टाकला होता. छर्रे लागले, पण डुक्कर मेलं नाही, उसात शिरलं. दिवसभर उसातून त्याचा आवाज येत होता. आत जायची कुणाची छाती होईना. संध्याकाळी आवाज थांबला तेव्हा आई नुसतंच “सुटलं” म्हणाली होती. डॉक्टर तर जाणारच होती. चुकीचा बाण घेऊन गेली, तर तसाच आवाज कुठल्यातरी रानात उठणार. दुसऱ्या दिवशी मी तिला हो म्हटलं.

रियाधच्या अल सुलै भागात, गोदामांच्या रांगेत, शिकारीचं आणि तंबूंचं सामान विकणारा एक व्यापारी होता. तिथला विक्रेता हैदराबादचा. त्यानं काचेवर बाणांची टोकं मांडली. सरावाचं टोक साधं, पेन्सिलीसारखं असतं. शिकारीच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात; त्याला ब्रॉडहेड म्हणतात. त्यातही दोन प्रकार. एकात पाती कायमची पसरलेली. दुसऱ्यात ती मिटलेली असतात आणि लागल्याबरोबर उघडतात.

“मॅडम, ये वाला सबसे ज्यादा जाता है,” मिटलेल्या पात्यांचं टोक उचलून तो म्हणाला. “एकदम सीधा उडता है.”

डॉक्टरला तेच आवडलं. देखणं होतं, आणि उघडल्यावर चांगलं दोन बोटांहून रुंद. मला मात्र शंका होती. डॉक्टरचं धनुष्य हलकं, चाळीसेक पौंडाच्या ओढीचं. बाणाचा निम्मा जोर पाती उघडण्यातच गेला तर आत जायला काय उरणार?

“दोन्ही घेऊ,” मी म्हटलं, “आणि मारून बघू.”

बाणाच्या दांडीबद्दल मात्र मी तिचं काही ऐकलं नाही. सुटताना बाण सरळ जात नाही, माशासारखा वळवळतो. तो किती लवचीक हवा, हे धनुष्याच्या ओढीवर, बाणाच्या लांबीवर आणि टोकाच्या वजनावर ठरतं. पुढं जड टोक लावलं की दांडी जास्त वाकते, म्हणून मी तिच्या सरावाच्या बाणांपेक्षा ताठ आणि जड दांड्या निवडल्या.

“हे हळू जातील,” ती कुरकुरली.

“हळू जातील, पण आत जातील.”

तिच्या मामाचं बुरैद्याजवळ खजुराचं शेत होतं. थंडीतल्या एका सुट्टीच्या दिवशी ती मला तिच्या गाडीतून तिकडं घेऊन गेली. वडील आधीच येऊन सतरंजीवर बसले होते, पुढ्यात गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, सुरई. पांढरी दाढी, कमी बोलणं. तरुणपणी ते ससाणा घेऊन शिकार करायचे. मला “या बिंती” म्हणाले, म्हणजे ‘अगं पोरी’. पन्नाशीला टेकलेल्या मला फार दिवसांनी कुणी पोरी म्हटलं.

आधी आम्ही लाकडी चौकटीवर वर्तमानपत्र ताणून बसवलं आणि त्यातून बाण मारला. बाण सरळ जात असेल तर कागदाला गोल भोक पडतं आणि भोवती बाणाच्या शेपटाकडच्या पिसांच्या तीन बारीक चिरा. आमचा कागद मात्र बोटभर आडवा फाटला. म्हणजे शेपूट बाजूला झुलत होतं. बाण ज्यावर टेकतो तो टेकू मी केसभर सरकवला. पुन्हा कागद, पुन्हा बाण. दुपारपर्यंत वर्तमानपत्र संपत आलं, तेव्हा कुठं फाट मिटली. मग साधं टोक आणि पसरलेल्या पात्यांचं टोक आळीपाळीनं मारून बघितलं. दोन्ही जवळजवळ एकाच जागी लागायला लागली आणि डॉक्टरनं मला मिठीच मारली.

खरी परीक्षा पुढं होती. तिनं खाटकाकडून कातड्या-बरगड्यांसकट मेंढीचा खांदा आणला होता. तो फोमच्या गठ्ठ्यावर बांधला. मिटलेल्या पात्यांचा बाण गेला तो बाहेर मोठी जखम करून आत चार बोटांवर अडकला. एक पातं तर नीट उघडलंच नव्हतं. मग जड दांडीवरचा कायम पसरलेल्या दोन पात्यांचा बाण. तो खांद्यातून, बरगडीतून पार होऊन मागच्या फोममध्ये रुतला. जखम बाहेरून लहान दिसत होती.

वडील उठून जवळ आले. जखमेतून बोट फिरवलं आणि मुलीला अरबीत काहीतरी म्हणाले. तिनं मला सांगितलं, “म्हणतात, जनावर पात्याच्या धारेनं जायला हवं, धक्क्यानं नाही. नाहीतर ते आम्हाला हलाल नाही.”

मग त्यांनी थेट मला विचारलं, “ही किती लांबून चुकत नाही?”

“पंचवीस मीटर,” मी म्हटलं.

“मग वीसच्या पुढं मारायचं नाही.” हे त्यांनी मुलीकडे बघून सांगितलं. ती वाद घालणार होती, पण मान डोलावून फोममधला बाण उपसायला लागली.

ती जाऊन आली. वर्गात भेटली तेव्हा उन्हानं काळवंडली होती. मी काही विचारायच्या आत कोपऱ्यातल्या बाकावर मला घेऊन बसली.

“मोठ्या शिंगांचं कुडू जातीचं हरीण आलं होतं, उख्ती. एवढं सुंदर! पण लांब होतं. मी धनुष्य उचललंसुद्धा नाही. गाईड चिडला. दुसऱ्या दिवशी इम्पाला, म्हणजे लहान जातीचं हरीण, आला, पण तोंड माझ्याकडे करून उभा. समोरून बाण नीट लागत नाही, म्हणून तोही जाऊ दिला.”

“मग?”

“परत यायच्या आधी एक इम्पाला जवळ आला. आडवा उभा राहिला. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि बाण सोडला. तो पलीकडून बाहेर पडला. इम्पाला थोडा पळाला, थांबला, आणि बसला. बसल्यासारखाच गेला. आवाजसुद्धा केला नाही.”

तिचे डोळे भरले. मी तिचा हात धरला. माझंही मन भरून आलं, पण उसातल्या त्या आवाजाची जी भीती गेले कित्येक दिवस मनात होती, ती गेली.

“बाबा काय म्हणाले?”

“माझ्या शेजारी येऊन बसले, आणि जखमेवरून बोट फिरवलं.” मग डोळे पुसून म्हणाली, “परत जाईन की नाही, माहीत नाही. पण इथं बायकांची स्पर्धा होणार आहे म्हणे. त्यात मला उतरायचंय.”

“मग हे जड बाण चालायचे नाहीत,” मी म्हटलं. “लांबच्या लक्ष्याला हलके लागतील.”

ती ओल्या चेहऱ्यानं हसली, आणि आम्ही दोघी पाय मुडपून नव्या दांड्यांची चर्चा करत बसलो.