सोमवारचं दार

चौकशीकाकूंना टरकून नसलेला माणूस आमच्या चर्चच्या मंडळीत शोधून सापडला नसता. पाळकसुद्धा त्या समोरून येताना दिसल्या की आपली बटणं नीट लागलीत ना ते चाचपायचे. काकूंचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं आणि चुरगळलेली कॉलर त्यांना रस्त्यापलीकडून दिसायची. पण खरी भीती कॉलरची नव्हती. चर्चमध्ये काकू शेवटच्या बाकावर बसायच्या. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. उपासनेला कोण आलं नाही, हे त्यांना पहिलं गीत संपायच्या आत कळलेलं असायचं. सोमवारी दुकानाला सुट्टी, त्यामुळे सोमवारी दुपारी काकू त्या माणसाच्या दारात हजर. ताप आहे, घरात भांडण झालंय की नुसता आळस, हे उंबऱ्यावरच विचारायच्या. आळस निघाला तर चहाही न घेता परत फिरायच्या.

आम्ही मागून हसायचो. आजारी पडायचं तर मंगळवारी पडावं, असं आमच्या गाण्याच्या बाई म्हणायच्या. पण कुणाचं औषध संपलंय, कुणाची नोकरी सुटलीय, हे पाळकांना कळायचं ते काकूंकडूनच.

ही सवय त्यांना लागली चावीवाल्यामुळे. कुलपं दुरुस्त करणारा, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. आम्ही दर रविवारी तिचं नाव घेऊन प्रार्थना करायचो, डोळे घट्ट मिटून, अगदी मनापासून. घरी मात्र कोणी गेलं नाही. दुसरं कोणीतरी जात असेल असं प्रत्येकाला वाटत राहिलं. शेवटी ती गेली. दफन झाल्यावर पाळक त्याचा हात हातात घ्यायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही प्रार्थना करत होता म्हणे. आम्ही दोघं जिन्यावर पावलं वाजतात का ते ऐकत होतो."

त्यानंतर तो चर्चला आला नाही. त्याचं बोलणं काकूंच्या जिव्हारी लागलं होतं. पुढच्याच सोमवारी त्यांनी त्याचं दार वाजवलं. परत येऊ नका, असं त्यानं आतूनच सांगितलं. त्या परत गेल्या. मग त्यानं बोलणंही सोडलं. काकू दार वाजवायच्या, "मी आहे," म्हणायच्या, जरा वेळ थांबायच्या, "येते," म्हणायच्या आणि कठड्याला धरून जिना उतरायच्या. अख्ख्या वस्तीची अडकलेली दारं उघडणारा माणूस स्वतःचं दार काही उघडत नव्हता. तरी एकही सोमवार चुकला नाही. हे काम चौघांत वाटून घेऊ, तुमचे गुडघे दुखतात, असं पाळकांनी एकदा सुचवून पाहिलं. गुडघे माझे आहेत, असं काकूंनी ठणकावलं. खरं सांगायचं तर ते काम त्यांना कुणाला द्यायचंच नव्हतं. आणि आम्हालाही घ्यायचं नव्हतं, त्यामुळे सगळं छान जमून गेलं.

त्या रविवारी सकाळी काकू चर्चचे कपडे घालून निघाल्या आणि दुकान आणि मागचं घर जोडणाऱ्या आतल्या बोळात ओल्या फरशीवर पाय सटकून पडल्या. कमरेखाली काहीतरी मोडलं हे त्यांना पडतानाच कळलं. उठता येईना. फोन इस्त्रीच्या टेबलावर होता, म्हणजे चंद्रावर असल्यासारखाच. घरात दुसरं कोणी नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दाराला लॅचचं कुलूप.

आधी त्या घाबरल्या नाहीत. त्यांना वाटलं, उपासना सुटली की कोणीतरी येईलच. मनातल्या मनात त्या उपासनेबरोबर चालत राहिल्या: आता पहिलं गीत, आता वाचन, आता उपदेश, आज लांबतोय वाटतं. मग त्यांच्या लक्षात आलं की शेवटच्या बाकावरून सगळ्यांच्या पाठी दिसतात, पण शेवटच्या बाकाकडे बघायला कोणी मान वळवत नाही. रस्त्यावर पावलं वाजली की त्या हाक मारायच्या. शटर बंद असलेल्या दुकानातून आवाज किती बाहेर जाणार? दुपार उलटली. उद्या सोमवार, दुकान बंद, गिऱ्हाईक येणार नाही, हे आठवलं तेव्हा मात्र त्या घाबरल्या. न आलेल्या माणसाची चौकशी करायला मंडळीत एकच बाई होती, आणि ती इथे फरशीवर पडली होती.

कपड्यांवर पाणी मारायची बाटली हाताला लागली. तिच्यातले घोट घेत त्यांनी रात्र काढली. प्रार्थनेला शब्द सुचेनात, म्हणून त्या बाकामागून बाक एकेकाचं नाव घेत गेल्या. निम्म्या नावांवर राग आला, तरी नाव गाळलं नाही. चावीवाल्याच्या बायकोचं नाव आलं तिथे मात्र थांबल्या. कितीतरी महिने ती हेच ऐकत पडली होती. काकूंना रडू फुटलं. मरणाची भीती होतीच, पण आपण नाही हे कुणाला कळलंच नाही तर, ही भीती त्याहून मोठी होती.

सोमवारची दुपारही गेली. बोळात अंधारायला लागलं, बाटली संपली. आता हाकही फुटत नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. कोणीतरी "काकू" म्हणालं. त्यांनी रिकामी बाटली फरशीवर आपटली. मग कुलपात काहीतरी खुडबुडलं, दार उघडलं आणि हातात हत्यारांची पिशवी घेऊन चावीवाला आत आला.

रुग्णवाहिका येईपर्यंत तो त्यांच्याशेजारी फरशीवर बसून होता.

"तुला कुणी पाठवलं? पाळकांनी?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "आज दार वाजलं नाही."

दुपारी आधी त्याला बरंच वाटलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं. ब्याद टळली. मग एक चावी चुकीची घासली गेली, दुसरीही चुकली. कान जिन्याकडेच लागलेले. शेवटी पिशवी उचलून निघाला.

बातमी कळल्यावर आम्ही सगळे पडलेले चेहरे घेऊन हॉस्पिटलात जमलो. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं: वाटलं, काकू कुणाकडे तरी गेल्या असतील. पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेश फार लांबवला नाही. "मंडळी म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं इथून सांगतोय," ते म्हणाले. "शेवटचा बाक सगळ्या चर्चमध्ये फक्त मला समोर दिसतो. तो रिकामा होता. मलाही वाटलं, त्या कुणाकडे तरी गेल्या असतील." एवढं म्हणून ते खाली बसले.

सोमवारची कामं वाटली गेली. ऑपरेशन होऊन काकू घरी आल्या, त्या सोमवारी गाण्याच्या बाई सोबतीला होत्या. दुपार झाली तशी काकूंची चुळबुळ सुरू झाली. चावीवाल्याकडे आज कोण गेलंय, त्यांनी विचारलं. बाई गडबडल्या. त्याच्याकडे कुणालाच नेमलं नव्हतं. तो आता ठीक आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

काकूंचा जीव खालीवर झाला. "ठीक आहे म्हणजे? विचारलंत का कुणी?" असं म्हणून त्या काठी शोधायला लागल्या. बाई त्यांना धरून बसवतायत, त्या ऐकत नाहीत, अशी झटापट चालली असतानाच दार वाजलं.

"मी आहे," बाहेरून चावीवाला म्हणाला.

बाईंनी दार उघडलं. तो जरा वेळ उंबऱ्याबाहेर थांबला. "येतो," असं काही म्हणाला नाही. पिशवी दाराशी ठेवली आणि आत येऊन काकूंच्या पलंगाजवळ बसला.