समुद्र नसलेल्या गावचे दर्यावर्दी

समुद्रापासून इतक्या दूर राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना समुद्राचा इतका त्रास देणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघावा याला काय म्हणायचं! आम्ही राहतो गडचिरोलीतल्या आलापल्लीला. चहूकडे सागवान. पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागतं. अशा गावात काकाजी नौदलातून निवृत्त होऊन नव्वद सालच्या पुढेमागे परत आले, ते डोक्यात सगळा अरबी समुद्र घेऊन. त्यांच्या घरात उजवं-डावं नव्हतं, ईशान्य आणि नैर्ऋत्य होतं. पाहुण्याला ते सांगत, "मोरी पुढं, वायव्येले," आणि बिचारा पाहुणा अंगणात गोल फिरत राही. जमिनीला ते डेक म्हणत आणि रोज पहाटे नारळाच्या काथ्याने ती घासत. शेणाने सारवलेली जमीन काथ्याने घासली तर काय होतं ते माझ्या बायकोला, वनमालेला विचारा. दर आठवड्याला काकाचं घर सारवायला तीच जायची.

काकी काकाजींच्या निवृत्तीआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. पण जहाजावर माणूस एकटा असो की तीनशे, शिस्त तीच, असं काकाजींचं म्हणणं. जेवण तयार झालं की ते स्वतःच दारातली पितळी घंटा वाजवत, स्वतःच हात धुऊन येत आणि स्वतःलाच वाढून घेत. संध्याकाळी सहा वाजता माझ्या ओट्यासमोर ताठ उभे राहत. "जय भीम, जवाईबापू. एकूण माणसं एक. हजर एक. आजारी कोणी नाई." पहिले काही दिवस मला हसू आवरत नसे. पुढे एकदा मी दौऱ्यावरून उशिरा आलो, तर वनमाला म्हणाली, "काका दोनदा येऊन गेले. हजेरी कोणाले द्यावी, विचारत होते." त्यानंतर सहाच्या आत फॉरेस्टच्या लाकूड डेपोतून घरी यायची मी सवय लावून घेतली.

आता काकाजी कोण होते ते सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना नुसताच चक्रम समजाल. ते अधिकारी नव्हते. अधिकारी घडवणाऱ्यांपैकी होते. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर नौदलाची अकादमी, तिथे शिकायला येणाऱ्या पोरांना ते वीस वर्षं होडी वल्हवायला, दोराच्या गाठी मारायला, होकायंत्रावरून दिशा काढायला शिकवत. सकाळी ज्या पोराला "हातात वल्हं आहे का भाकरी थापून राह्यला?" म्हणून झापायचं, तोच पोरगा शिक्षण संपवून अधिकारी झाला की त्याला ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकायचा, अशी तिथली रीत. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटे ते दुसऱ्याच गोष्टीचं. "वीस वर्षं हजेरी घेतली जवाईबापू. दिल्लीचे आले, पुण्याचे आले, डेहराडूनचे तर ढिगानं. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं एक नाव नाई हो त्या वहीत. एक! या जंगलातला एक पोरगा अधिकारी झालेला मले पाहू द्या, मग डोळे मिटले तरी चालते."

एवढ्यासाठी त्यांनी आमच्या-त्यांच्या सामाईक परसात शाळा काढली. डेपोच्या लिलावात कोणी न घेतलेल्या वाकड्यातिकड्या सागवानाची एक होडी केली आणि मातीत रोवून टाकली. चार पोरं तिच्यात बसून बांबूची वल्ही हवेत मारत आणि काकाजी काठावरून, म्हणजे केळीच्या आळ्यापाशी उभे राहून, ओरडत. अंगणभर चुन्याने समुद्राचा नकाशा काढलेला. आमचा संडास म्हणजे धोक्याचा खडक. त्याला वळसा न घालता सरळ चालून गेलेल्या पोराला काकाजी "बुडाला! बुडाला!" म्हणून घरी पाठवत. आत माझ्यासारखा एखादा बसलेला असला की हा बुडाल्याचा पुकारा ऐकून त्याची काय अवस्था होई, याचा विचार त्यांनी कधी केला नाही.

एकदा मात्र कहर झाला. धडा होता सागरी युद्धाचा. शत्रूचं जहाज दिसलं की आपल्या जहाजांना झेंड्यांनी खूण कशी करायची, हे शिकवायला काकाजी दोन पोरांना घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर चढले आणि भर दुपारी दोन्ही हातांत लाल-पिवळे झेंडे घेऊन फडफडवू लागले. आता नव्वदच्या दशकातला नक्षलग्रस्त गडचिरोली जिल्हा, जंगलाच्या तोंडाशी टेकडी, आणि वर एक माणूस लाल झेंडे दाखवून कोणाला तरी इशारे करतोय! समुद्रात राहून आलेला माणूसच अशी चूक करू जाणे. अर्ध्या तासात पोलिसांची जीप. साक्षीला मला ठाण्यात बोलावलं. मी पोचलो तर ठाणेदार विचारत होते, "इशारा कोणाले देत होता?"

"माझ्या जहाजाईले."

"काऊन?"

"शत्रूचं जहाज आलं होतं ना."

"कुठी?"

काकाजींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर रफिकभाई बांगडीवाले आपला हातगाडा घेऊन उभे. रस्त्याने त्यांचा गाडा चालला होता, तोच शत्रू. रफिकभाई हात जोडून म्हणाले, "साहब, मैं तो चूड़ियाँ बेचता हूँ." ठाणेदारांना हसू आवरेना. कागद भरताना त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण कोण आहे?" काकाजी नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "एक." मग जरा थांबून पुन्हा म्हणाले, "एकटाच आहो." ठाणेदारांनी चहा मागवला. मला उगाचच भरून आलं.

नऊ वर्षं ही शाळा चालली. कोणी मास्तर झालं, कोणी पोलिसात गेलं, दोघे गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात लागले. अधिकारी एकही नाही. कोणी लेखी परीक्षेत अडकला, कोणी मुलाखतीत. दर वेळी नापासाचं पत्र आलं की काकाजी दोन दिवस दाराबाहेर पडत नसत आणि तिसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन नकाशा उजळायला लागत. शेवटी त्या होडीत माझा सुगत बसला. मी चिडलो. एकुलता एक पोरगा, त्याला फॉरेस्टात चिकटवायचा माझा बेत होता. म्हटलं, "काकाजी, याले तरी सोडा." सुगतच म्हणाला, "बाबा, आबाजीले मी नाई म्हणू शकत नाई." आणि पठ्ठ्या लेखी पास झाला, मुलाखत पास झाला आणि डोळे, दात, कान सगळं तपासून घेऊन अकादमीत गेला. तो एस.टी.त बसला तेव्हा त्याने समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता.

चार वर्षांनी त्याच्या दीक्षान्त संचलनाला आम्ही तिघे बल्लारशाहून गाडीत बसलो. काकाजींनी जुना कोट घातला होता. सगळे पालक खुर्च्यांवर बसले, हे मात्र मागे जाऊन उभे राहिले. "इथी मी कधी बसलो नाई," म्हणाले. संचलन झालं. मग तिथली एक रीत असते. नव्या अधिकाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवरच्या सोनेरी पट्ट्या कापडाने झाकलेल्या असतात. आईने एका खांद्यावरचं कापड काढायचं, बापाने दुसऱ्या. मी माझ्या बाजूचं काढलं. वनमालेने हात वर नेला, आणि पुन्हा खाली घेतला. "काका, या. हे तुमचं आहे."

काकाजी दोन पावलं मागे सरकले. "येडी का खुळी? मी खलाशी. अधिकाऱ्याच्या खांद्याले हात नाई लावत आम्ही."

"काका, मी सांगून राह्यली ना!"

"नाई म्हणजे नाई."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो खांदा चार हातांवर होता आणि म्हातारा हटून बसला होता. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी दया आली! तेवढ्यात सुगत ताठ उभा राहिला. माझ्या पोराचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आबाजी, पुढं या. हा हुकूम आहे."

काकाजींचे पाय आपोआप जुळले. दोन पावलं पुढे आले, थांबले, आणि फुलाची पाकळी उचलावी तसं त्यांनी ते कापड काढलं. मग मागे सरून एक कडक सॅल्यूट ठोकला. सुगतने सॅल्यूटला उत्तर दिलं, आणि मग वाकून त्यांचे पाय धरले, तेव्हा मात्र दोघांचीही शिस्त मोडली.

परतीच्या गाडीत काकाजी खिडकीपाशी बसून होते. बल्लारशाच्या अलीकडे म्हणाले, "पोरगं पुरं तयार झालं ना जवाईबापू, की ते जाते. तिथी एक तुकडी गेली की दुसरी यायची. आता आपल्याकडं कोण येते? सगळे नागपूरले क्लास लावून राह्यले."

वनमालेचा डोळा लागला होता. आमच्याही घरात आता दोघंच उरलो होतो, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. मी म्हटलं, "उद्यापासून रात्रीचं जेवण आमच्याकडं करत जा."

"किती वाजता?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मी नाई ठरवत," काकाजी हळूच म्हणाले. "लई वर्षं मीच ठरवलं. तुम्ही सांगा."

आयुष्यात मी त्या माणसापुढे आवाज चढवला नव्हता. घसा साफ केला आणि जमेल तितकं दरडावून म्हटलं, "आठ वाजता. एक मिनिट उशीर चालणार नाई."

"जी," काकाजी म्हणाले, आणि मान खिडकीकडे वळवून डोळे पुसू लागले.