काजातले धागे

“वहिनी, चहा नको. सकाळपासून तीन लाल झालेत,” ओसरीवरून आवाज आला. आतल्या दाराशी मी उभी होते. आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “म्हणजे तीनदा कुणावर तरी खेकसलेत. चहा टाक, आणि साखर जरा जास्तच घाल.”

आवाज वडिलांच्या स्नेह्यांचा होता. आम्ही त्यांना तपासनीसकाका म्हणत असू. स्वतःवर इतकी कडक नजर ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नव्हता, आणि स्वतःविषयी इतकं थोडं ठाऊक असलेलाही नसावा. काका एका गिरणीत कापड तपासायचे. उतरत्या फळीवरून कापड उजेडासमोर सरकत यायचं. तुटलेला ताणा, गाठ, तेलाचा डाग दिसला की काका त्या जागी काठाला रंगीत धागा बांधायचे. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं मन म्हणजेही एक तागाच आहे अशी त्यांची पक्की खात्री झाली, आणि त्यांनी स्वतःलाच तपासायला घेतलं. राग आला की कोटाच्या काजात लाल धागा, गर्व झाला की पिवळा, हाव सुटली की हिरवा. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर काका पेठेतून चालत येत तेव्हा त्यांचा दिवस कसा गेला हे त्यांच्या छातीवर कुणालाही वाचता येई. नाक्यावरचा टांगेवाला तर वाटच बघत असे. “साहब, वो पीला धागा इधर देव,” तो एकदा ओरडला, “घोडे कु बांधतूं. इने बी भोत घमंडी है!” काका हसले नाहीत. टांगेवाल्याचं म्हणणं खरं असू शकेल का, याचा विचार करत ते घोड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

आमच्याकडे शेंगांच्या पोळ्या होत्या तेव्हाची गोष्ट. दुसरी पोळी मागितली आणि काकांनी पानावर बसल्या बसल्या डाव्या हाताने खिशातून हिरवा धागा काढला. एका हाताने गाठ बसेना. आई तूप घेऊन उभी. “भावजी, हिरवा राहू द्या, मी तिसरी वाढतेय.” काकांनी तिसरी खाल्ली, चौथीही खाल्ली, आणि हात धुतल्यावर तीन हिरवे बांधून घेतले. “पहिली पोळी भुकेची. ती धरायची नाही,” ते गंभीरपणे वडिलांना म्हणाले.

रविवारी दुपारी ते खास माझ्याकडे येत. जुन्या बाजारात त्यांना मनाच्या शास्त्रावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मी उंबऱ्याच्या आत बसून वाचायची, ते बाहेर पाटावर बसून ऐकायचे. लहानपणी दडपलेली इच्छा मोठेपणी कशी डोकं वर काढते, असं काही आलं की ते मांडीवर थाप मारत. “म्हणजे पहिल्याच वारात ताणा ढिला! पुढं कितीही चांगलं विणा, उपयोग काय?” मग पुस्तक मिटून ते मला विचारत, “आणि पोरी, तुझ्या आत काय चाललंय? तुझं कापड कधी फळीवर येतच नाही.” मी म्हणे, “काही नाही.” खरं तर मीही तपासनीसच होते. मनात आलेलं वाक्य मी इतकं उलटंपालटं करून बघे, की ते बोलण्याजोगं होईपर्यंत बाकीचे दुसऱ्या विषयावर गेलेले असत. घरात सगळे मला घुमी म्हणत. काका म्हणत नसत, म्हणून मला ते आवडत.

काकांना एक मुलगी होती. मास्तरीण व्हायचं म्हणाली तेव्हा काकांनी तिला फार लागेल असं काही सुनावलं, आणि ती मामाकडे मंगळवेढ्याला निघून गेली. तिथल्या शाळेत नोकरीला लागली. दोन वर्षं झाली, आली नाही. काका तिच्याविषयी बोलत नसत. पण हे धागे ती गेल्यानंतरच सुरू झाले, असं आई म्हणे.

एका रविवारी काका पुस्तकाऐवजी तिचं पत्र घेऊन आले. दोनच ओळी होत्या. परीक्षेसाठी शनिवारी सोलापुरात येतेय, मैत्रिणीकडे उतरेन. घरी आले तर चालेल का? मंगळवेढ्याची मोटार चारला सुटायची आणि ड्रायव्हर ओळखीचा होता. उत्तर त्याच्या हाती जायचं होतं. ते काकांनी रात्रभर जागून लिहिलं होतं. चांगले चार बंद कागद भरून.

“वाच, आणि दोष सांग,” ते म्हणाले.

मी वाचलं. त्यात त्यांच्या रागाची उत्पत्ती होती, त्यांच्या वडिलांचा स्वभाव होता, आमच्या पुस्तकातले तीन इंग्रजी शब्द होते. त्या दिवशी आपण तसं का बोललो याची पाच कारणं एकाखाली एक नीट लावून दिली होती. चौथ्या बंदाच्या शेवटी ‘तुझा हितचिंतक पिता’ असं होतं. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर तेवढं कुठेच नव्हतं.

काका जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्यासारखं बाहेर पाटावर बसून, मान कलती करून, मी वाचलेलं कुणी ऐकत नाही. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की अजूनही माझा हात त्या जाड पुस्तकाकडे जातो. पण त्या दिवशी ते पाटावरून पुढे झुकले होते आणि त्यांच्या काजात एकही धागा नव्हता. साडेतीन होऊन गेले होते.

“तिला कशाला विचारता?” वडील झोपाळ्यावरून हसत म्हणाले. “आमची घुमी. ती काय बोलणार!”

वाक्य मनात आलं. नेहमीप्रमाणे मी ते उलटं करून बघायला लागले. मग पाहिलं तर काका चारही बंद घडी करून पाकिटात घालत होते. मी उठून उंबऱ्याबाहेर आले.

“काका, हे पाठवू नका. नुसतं ‘घरी ये’ एवढंच लिहा.”