फिनॉलने नेलेली बोटं

कारखान्यात त्यांना सगळे थर्मामीटर म्हणत. विजेची बटणं ज्या कडक काळ्या मालाची बनतात, तो माल तिथे शिजायचा. त्यासाठी लागणारं फिनॉल ड्रममधून यायचं, दगडासारखं गोठलेलं. ड्रम गरम पाण्याच्या हौदात उभा करून ते वितळवणं हे थर्मामीटरचं काम. पाणी कोमट राहिलं तर कडेचं सुटतं आणि मधला गड्डा तसाच राहतो. फार तापलं तर बूच उघडताच फिनॉलची वाफ तोंडावर येते. हौदावरचा तापमानाचा काटा बसवल्यापासून कधी खरं बोलला नव्हता. थर्मामीटर पाण्यात हात बुडवत आणि सांगत, "हौदात वाफ अजून थोडी सोडा."

मुकादम चिडवायचा, "आमच्या सासूचा पारा किती चढलाय, तेवढंही सांगा की."

"आणा इकडे. पण आधी हौदात बुडवावी लागेल."

फिनॉल म्हणजे मोठं गोडबोलं. वास गोडसर, खडे पांढरेशुभ्र, हवा लागली की गुलाबी पडणारे. नावाला आम्ल, पण इतकं मवाळ की खायच्या सोड्यावर टाकलं तर एक बुडबुडा येत नाही. कॉस्टिक सोड्यात मात्र मुकाट विरघळतं. फॉर्मलिनबरोबर शिजवलं की दोघं असे घट्ट होतात की मग कितीही तापवा, पुन्हा वितळत नाहीत. आणि कातडीवर पडलं तर फारसं दुखत नाही. इतर आम्लं चटका देऊन सावध तरी करतात. हे आधी बधिर करतं, मग पांढरा डाग पाडतं, आणि माणूस आपला काम करत राहतो. बुचाशी ओघळलेलं फिनॉल हौदाच्या पाण्यात उतरायचं. हातमोज्यातून ऊब कळत नाही, म्हणून थर्मामीटर हातमोजा काढूनच हात घालायचे.

बोटं गेली ती हळूहळू. आधी कळलं ते बायकोला. त्यांनी चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं.

"अहो, भाजतंय ना!"

"कुठे?"

त्या दिवसापासून त्यांच्या आंघोळीच्या पाण्यात ती आधी स्वतःचा हात घालायची. "बघा, काय दिवस आले! थर्मामीटरलाच थर्मामीटर लागतोय," म्हणून हसायची.

मग ते निवृत्त झाले आणि तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला मी नेते. तुमच्याने नाही व्हायचं."

"ओझं कसं हलवायचं ते मला शिकवू नकोस."

ते खरंच होतं. जड ड्रम उचलायचा नसतो. तिरपा करून काठावर फिरवायचा असतो. तसंच ते तिला चादरीसकट कुशीवर वळवत. गुडघ्यांमध्ये उशी, टाचेखाली घडी, पाठ कोरडी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतातच, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला एकही झाली नाही. मुलीने हे पाहिलं आणि मान्य केलं. "राहू दे तिला इथेच. पण तिला काही इजा झाली, तर मग माझं ऐकायचं." त्यांनी मान हलवली.

पाणी ते कोपराने बघत. कोपर शाबूत होतं. एका थंडीच्या सकाळी मुलगी आणि जावई यायचे होते. त्याआधी तिचं सगळं आवरून ठेवायचं म्हणून ते घाईत होते. अंगात घट्ट स्वेटर, बाही वर सरकेना. त्यांनी हौदात घालत तशी बोटं बादलीत घातली. पाणी ठीक वाटलं. त्यांनी ते तिच्या उजव्या पायावर ओतलं. त्या पायाला काही कळत नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत होती, अर्ध्या तोंडाने हसलीसुद्धा. त्यांनी पाय नीट पुसला आणि पांघरूण घातलं.

मुलीने पांघरूण बाजूला केलं तेव्हा पावलावर मोठाले फोड आले होते.

"बाबा, पाणी बघितलं नव्हतं का?"

"बघितलं होतं."

"कशाने?"

त्यांनी हात पुढे केला. मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो हात उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. जावई बादलीकडे गेला, बोट घालताच झटकन मागे आला. पाणी इतका वेळ निवूनही चटका बसत होता.

डॉक्टर येऊन पट्टी बांधून गेले. शेवटी तेच म्हणाले, "ठरलं होतं ना. घेऊन जा तिला."

"तुम्हीही चला, बाबा."

"तिथे येऊन काय करू? पाणी तापवू?"

मग त्यांनी जावयाला सगळं दाखवलं. "कमरेतून जोर लावू नका, गुडघ्यातून लावा. आधी कुशीवर, मग चादर ओढायची. तिला नाही, चादरीला ओढायचं. पुन्हा करा. हं, असं." जावयाचं जमेपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

गाडीत तिला मागच्या सीटवर आडवं केलं. डोक्याखाली उशी सारखी करून ते वाकलेले सरळ झाले, दोन्ही हात बाजूला सोडून उभे राहिले. जावई दार लावायला गेला आणि थांबला.

"बाबा, हात."

त्यांनी खाली पाहिलं. तिने डाव्या हाताने त्यांची बोटं धरली होती, नखं पांढरी पडेपर्यंत घट्ट. केव्हापासून, कोण जाणे. दुसऱ्या हाताने त्यांना तिचं एकेक बोट सोडवावं लागलं.